काठीचा मधला तुकडा

डोलीचा दांडा मोडला तेव्हा मंगल अजून डोलीत बसायची होती, एवढंच काय ते नशीब.

गोदाक्कानं दांड्याची दोन टोकं दोन दगडांवर टेकवली होती आणि ती स्वतः मधोमध बसून पाहत होती. कट् असा आवाज झाला आणि गोदाक्का अंगणात सपशेल खाली. उठली, लुगडं झटकलं, मोडक्या बांबूचं तोंड बोटानं चाचपलं आणि तो लांब भिरकावून दिला.

"ह्यो बी गेला," ती म्हणाली.

आत तिची मंगल कण्हत होती. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आलेली एकोणीस वर्षांची पोर. पहाटेपासून कळा येत होत्या. म्हातारी सुईण हात पुसत उंबऱ्यात आली आणि सरळ म्हणाली, "पोर आडवं हाय. माज्या हातनं व्हायचं न्हाई. खाली न्या तिला, दिस डोक्यावर यायच्या आत."

खाली म्हणजे डांबरी सडकेवर. वाडीपासून दोन कोस, सगळा उतार, मध्ये एक ओढा. सडकेवर दहाच्या सुमाराला दुधाची गाडी यायची, ती तालुक्याला न्यायची.

मी तिथं काय करत होते ते सांगायला हवं. एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साल, माघ महिना. मी पुण्याला एका शब्दकोशाच्या कचेरीत सहायक होते. आमचे संपादक बेहेरे सर. त्यांना एकेका शब्दाच्या मागे लागायची फार खोड. त्यांनी मला कोल्हापूरच्या पश्चिमेच्या डोंगरात, हुंबराच्या वाडीला, आठ दिवसांसाठी पाठवलं होतं. बुरुडकामातले शब्द गोळा करायला. वाडीत बुरुडाचं घर एकच, गोदाक्काचं. नवरा चार वर्षांपूर्वी वारलेला, सुपं-टोपल्यांचं काम ती एकटी करायची. मी तिच्याच पडवीत उतरले होते. माझ्याजवळ दीडशे कार्डं होती आणि कार्डाकार्डावर सरांचं बारीक अक्षर. एका कार्डावर लिहिलं होतं, 'लवचिक : सहज वाकणारा, नमणारा. लवणे यावरून, मूळ संस्कृत नम्.' आणि खाली तांबड्या शाईत, 'कारागिरांकडे खात्री करावी.'

खात्री करायला मी आदल्या दिवशीच गोदाक्काकडे गेले होते. बांबूची हिरवीगार कोवळी कामटी घेऊन तिचं वेटोळं केलं आणि शाळेत बाईंना उत्तर दाखवावं तशी तिच्यापुढे धरली. "हा लवचिक ना, गोदाक्का?"

"ह्यो? ह्यो ल्हान पोर हाय. वाकवशीला तसा ऱ्हातोय."

"मग लवचिक कुठला?"

"सांगून कळत न्हाई त्ये," असं म्हणून ती पुन्हा सुपाच्या कडेला लागली. मी मनात म्हटलं, हिला सांगता येत नाही. पुण्याहून येणाऱ्या माणसाला असं वाटायला वेळ लागत नाही.

त्या वर्षी डोंगरातल्या बांबूला फुलोरा आला होता. बांबू जन्मात एकदाच फुलतो आणि फुलला की अख्खं बेट मरतं. बेटंच्या बेटं वाळून उभी होती. दिसायला धड, पण हातात घेतलं की ठिसूळ. डोलीचा जुना दांडा पावसाळ्यात गेला होता आणि नंतर तोडलेले सगळे या मेल्या बेटातले. सकाळपासून गोदाक्कानं तीन मोडले होते.

वाडीतले तरणे पुरुष मुंबईला गिरण्यांत. जे होते ते बाजाराचा दिवस म्हणून झुंजूमुंजू व्हायच्या आत निघून गेले होते. उरल्या होत्या बायका, पोरं आणि म्हातारे. शेजारची हौसा आणि तिची जाऊ धावत आल्या. हौसानं खांद्यावर सागवानी वासा आणला होता.

"हा चांगला आहे की!" मी म्हटलं. "मजबूत आहे."

"मजबूत हाय," गोदाक्का म्हणाली. "पर वाकंना त्यो. दर पावलाला पोरीच्या पोटाला दनका बसंल. दोन कोसात किती पावलं हुत्यात, मोजलीसा का बाई?"

आतून मंगलचा आवाज आला, "आये, काय झालं गं?"

"काय न्हाई. दांडा बगतोय."

गोदाक्का अंगणात उभी राहिली. एकदा मेलेल्या बेटांकडे बघितलं, एकदा वाडीच्या टोकाच्या देवळाकडे. मग डोक्यावर पदर घेतला आणि चालायला लागली. हौसानं तिची नजर कुठं गेली ते पाहिलं होतं. ती पुटपुटली, "अगं बया, ही काठी मागाया चालली." मी गोदाक्काच्या मागोमाग पळाले.

काठी म्हणजे वाडीची सासनकाठी. चैत्राच्या यात्रेला जोतिबाच्या डोंगरावर गावोगावच्या काठ्या जातात, त्यातली एक हुंबराच्या वाडीची. वाडी सतरा उंबऱ्यांची, पण काठी बावीस हात. त्याचा वाडीला इतका ताठा, की पोरीला स्थळ सांगतानासुद्धा काठीची लांबी सांगायचे. वर्षभर ती देवळाच्या पडवीत खुंट्यांवर आडवी असायची आणि तिचे मानकरी ज्ञानूआबा तिला तेल लावायचे. बायकांनी तिला हात लावायचा नाही, असा वाडीचा रिवाज. मी पहिल्या दिवशी कौतुकानं जवळ गेले होते, तर आबा असे खेकसले की मी चपला तिथंच विसरून परतले.

आम्ही पोचलो तेव्हाही आबा तेलच लावत होते. सत्तरी उलटलेला, एका पायानं अधू, मिशा पांढऱ्याशुभ्र.

"आबा, काठी पायजे," गोदाक्का म्हणाली.

"कंची काठी?"

"तुमी त्याल लावताय ती."

आबांचा हात थांबला. त्यांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "श्यानी का खुळी गं तू?"

"मंगलला खाली न्याची हाय. पोर आडवं आलंय. डोलीला दांडा न्हाई."

"वासा घे. माज्या घराचा काडून देतो. आत्ता देतो, चल."

आणि खरंच उठले. म्हातारा कंजूष नव्हता, घराचा वासा काढायला निघाला होता. गोदाक्का जागची हलली नाही.

"वासा ताठ हाय आबा. दनक्यानं दोगंबी जातील."

"मग नवा बांबू तोड."

"बेटं मेली. तुमास्नी ठावं हाय. ही नऊ वर्सामागं तोडलेली, मंगलच्या बानं आनलेली. जिता बांबू आता वाडीत ह्यो एकच."

आबा पुन्हा खाली बसले. काठीच्या पेरांवरून हात फिरवायला लागले. तिकडे मंगलची वेळ सरत होती. मला वाटलं आता आपणच काहीतरी बोलावं, पण शब्द सुचेना. शब्दकोशात काम करून काय उपयोग!

"माज्या बाच्या बापापासनं," आबा सावकाश म्हणाले, "बावीस हाताच्या खाली काठी गेली न्हाई."

"डोलीला सात हात लागतंय."

आबांनी काठीच्या जाड टोकाकडे बघितलं. "बुडाकडनं घे मग सात हात. पंधरा हात तर अखंड ऱ्हाईल."

मला हायसं वाटलं. म्हटलं, सुटलो. पण गोदाक्का मान हलवत होती.

"बूड ताठ असतंय आबा. वाशात नि त्याच्यात काय फरक न्हाई."

"मग शेंडा घे."

"शेंडा वजन घ्याचा न्हाई."

"म्हंजी?"

"मधला तुकडा पायजे."

आता मात्र माझ्यानं राहवलं नाही. काठी मधूनच कापायची म्हणजे काठी उरलीच कुठं? म्हातारा दिलेलंही परत घेईल, या भीतीनं मी म्हटलं, "गोदाक्का, बुडाचा चालेल हो. थोडा ताठ असला म्हणून काय..."

"बाई," आबांनी माझं बोलणं मध्येच तोडलं, "तुमी गप ऱ्हावा. बांबूतलं तिला कळतंय."

एवढं बोलून ते उठले, तेलाची वाटी बाजूला सारली, आतून करवत घेऊन आले आणि काठीपुढं वाकून एकदा हात जोडले. मग आम्हा बायकांकडे वळले. तोवर हौसा आणि तिची जाऊसुद्धा येऊन पोचल्या होत्या.

"धरा दोनी बाजूंनी. हलू द्याची न्हाई, बांबू चिरंल."

कुणी पुढं होईना. जन्मभर जिला हात लावू नका म्हणून ऐकलं ती धरायची कशी? हौसानं तर हात पाठीमागं नेले.

"अगं धरा की!" आबा ओरडले. "मला काय चार हात हायती?"

धरली. गोदाक्कानं विती टाकून मोजलं, पेर बघून दोन जागी नखानं खूण केली आणि आबांनी करवत लावली. जुना बांबू, भुसा पिवळाधमक पडत होता. दुसरा काप पुरा झाला तेव्हा म्हाताऱ्यानं उरलेले दोन्ही तुकडे आपल्या हातानं परत खुंट्यांवर ठेवले. मध्ये सात हातांची रिकामी जागा. ती मला बघवेना, आणि आबांच्या तोंडाकडे बघायची तर हिंमतच नव्हती. त्यांनी मात्र करवत टांगली आणि म्हणाले, "चला, मी येतो संगं."

गोदाक्कानं दांड्याला घोंगडं बांधलं. पुन्हा दोन दगडांवर टोकं टेकवून स्वतः मध्ये बसली. दांडा खाली गेला, खूप खाली, मला वाटलं संपलं. ती उठली तसा तो सरळ वर आला. तिनं वरून हात फिरवून कुठं चीर गेली का ते पाहिलं. मग मंगलला आणून घोंगड्यात निजवलं.

पहिल्यांदा पुढं गोदाक्का आणि मागं हौसाची जाऊ. देवळाच्या उतारापाशी जाऊ दमली. गोदाक्काकडचं पुढचं टोक हौसानं घेतलं आणि मागचं माझ्या खांद्यावर आलं. कॉलेजात मी तीन वर्षं एन.सी.सी. केलेली. परेडमध्ये बक्षीसही होतं. तेव्हा मी पुढच्या पावलाला पाऊल जुळवून शिस्तीत चालायला लागले. डावा, उजवा, डावा, उजवा. वीस-पंचवीस पावलांत डोली अशी हिंदकळायला लागली की मंगल किंचाळली.

"थांबा!" आबा लंगडत पुढं आले. "बाई, पलटनीत हाय का तुमी?"

"मी तर पावलाला पाऊल जुळवून चालतेय," मी म्हटलं.

"त्येच चुकतंय. दोगींचा पाय संगं पडला की दांडा उधळतोय. हौसाचा डावा पडंल तवा तुमचा उजवा पडू द्या. आनि खांदा आवळू नका. त्यो वाकंल तसं वाकायचं, त्यो उठंल तसं उठायचं. त्येच्याशी भांडू नका."

ऐकायला सोपं. मला जमायला ओढ्याचा अर्धा उतार लागला. आबा शेजारून लंगडत हलक्या आवाजात म्हणत होते, "हां, आता. हां, आता." काठी नाचवणाऱ्या पोरांना ते यात्रेत असंच सांगत असणार. आणि मग एकदम जमलं. पाऊल टाकलं की दांडा वाकायचा, ओझं खांद्यावर यायचं आणि दुसरं पाऊल पडायच्या आत तो स्वतःच ते उचलून घ्यायचा. दर पावलाला क्षणभर खांद्यावर काहीच नसायचं. आत मंगलला दणका नव्हता. मी घामानं निथळत होते, खांदा सोलला होता, आणि मला इतका आनंद होत होता की त्याची लाज वाटली.

ओढ्यात पाणी गुडघाभर होतं. मधोमध मंगलला कळ आली. आम्ही पाण्यातच उभ्या राहिलो. कळ ओसरली आणि घोंगड्यातून आवाज आला, "कोन हाय गं मागं? बाई का?"

"हो, मीच आहे."

"पाडू नगा बरं का. सासरची मानसं म्हनतील, सूनबाई ओढ्यात बाळंत झाली."

हौसा हसली, मीही हसले. गोदाक्का तेवढी हसली नाही. ती डोलीला हात लावून उभी होती आणि तिचे ओठ हलत होते.

दुधाची गाडी उभी होती. ड्रायव्हरनं कॅन उतरवून जागा केली. दांडा गाडीत मावेना, म्हणून घोंगडं सोडून मंगलला तसंच उचलून आत घेतलं. गोदाक्का आणि मी बरोबर गेलो. गाडी वळली तेव्हा आबा सडकेच्या कडेला तो सात हातांचा तुकडा खांद्यावर टाकून उभे होते. तो तसाच घेऊन ते अधू पायानं दोन कोस चढून वर गेले, हे मला मागाहून हौसानं सांगितलं.

तालुक्याच्या दवाखान्यात दुपारी दोनला ऑपरेशन झालं. मुलगी. डॉक्टरांनी बाहेर येऊन विचारलं, "आणलं कशातून?" डोलीतून म्हटल्यावर म्हणाले, "कुणी आणलं असेल त्यानं नीट आणलंय. धक्के बसले असते तर मी काही करू शकलो नसतो." गोदाक्का तिथंच भिंतीला टेकून खाली बसली आणि सकाळपासून पहिल्यांदा रडली. मीही रडले. माझं कुणीच नव्हतं तिथं, तरी रडले.

पुण्याला परतले तेव्हा बेहेरे सरांनी कार्डं मागितली. दीडशेपैकी सदतीस भरली होती. सरांच्या कपाळावर आठ्या पडल्या. मी 'लवचिक'चं कार्ड वर ठेवलं.

"सर, हा अर्थ अर्धाच आहे. सहज वाकणारा तर कोवळा बांबूही असतो. आणि ओझं काढलं की तो तसाच वाकडा राहतो. त्याला ते लवचिक म्हणत नाहीत. जो वाकतो आणि पुन्हा जागेवर येतो, त्याला म्हणतात."

"दाखला?"

आमच्या कचेरीत छापील दाखल्याशिवाय पान हलत नसे. कुठल्या ग्रंथात, कुठल्या पानावर. माझ्याकडे ग्रंथ नव्हता. मी त्यांना सगळं सांगितलं, अगदी पलटणीसकट. मग त्यांनी स्वतःच्याच अक्षरातली ओळ खोडली आणि लिहिलं, 'वाकून पुन्हा मूळ स्थितीत येणारा.' दाखल्याच्या जागी लिहिलं, 'गोदाबाई बुरूड, हुंबराची वाडी.' तीस वर्षांत त्या रकान्यात जिवंत माणसाचं नाव पाहिलं नव्हतं, असं जुने कारकून म्हणाले.

"आणि सर, लवणे तर नम् वरून. पण पुढचं 'चिक' कुठून आलं?"

"ठाऊक नाही," सर म्हणाले, आणि निमूटपणे तिथं प्रश्नचिन्ह काढलं. माझा त्यांच्याबद्दलचा आदर त्या दिवशी दुप्पट झाला.

चैत्री पौर्णिमेला मी रजा काढून जोतिबाच्या डोंगरावर गेले. वाडीत बरीच बाचाबाची झाली होती, असं कळलं. कुणी म्हणत होतं, या वर्षी काठी न्यायचीच नाही. कुणी म्हणत होतं, कोकणातून नवी आणू. कुणी म्हणत होतं, मधला तुकडा परत जोडून टाका. आबांनी तिघांनाही उडवून लावलं. मधला तुकडा आता डोलीचा, तो डोलीलाच राहील, पुढं कुणाच्या लेकीला लागेल. उरलेल्या दोन तुकड्यांचीच काठी होईल आणि तीच जाईल. बुडख्याच्या पोकळीत शेंडा बसवून सांधा बांधायला त्यांनी गोदाक्काला बोलावलं. देवळाच्या पडवीत बसून, सगळ्यांच्या देखत, तिनं त्यावर कामट्यांची घट्ट वीण घातली.

गुलालानं लाल झालेल्या त्या गर्दीत हुंबराच्या वाडीची, सांध्यात हातभर जाऊन चौदा हातांची उरलेली काठी खरोखरच ठेंगणी दिसत होती. शेजारच्या गावचा एक जण, अंगानं दांडगा, हसत ओरडला, "आबा, काठी धुण्यात आटली का काय?"

वाडीची पोरं खाली बघायला लागली. आबांनी मिशीवरचा गुलाल पुसला.

"काठी बाळंत झालीया औंदा," ते मोठ्यानं म्हणाले. "बाळंतीण हाय. सांभाळून बोल."

आजूबाजूची माणसं हसली, तो दांडगाही हसला आणि गुलालाची मूठ त्यानं आपणहून आमच्या काठीवर उधळली. हलगी वाजायला लागली. काठी उभी करताना तिला सावरायला चारी बाजूंनी दोर धरतात. तीन दोरांना माणसं लागली. चौथा दोर आबांच्या हातात होता आणि ते गर्दीत कुणाला तरी शोधत होते.

मंगल कडेला माझ्याजवळ उभी होती, पोर पदराखाली. आबा लंगडत थेट तिच्यापुढं आले आणि दोर तिच्यासमोर धरला.

"धर. तुज्यापायी आखूड झालीया, आता तूच सांबाळ."

मंगलनं शेजारी उभ्या आईकडे बघितलं. गोदाक्कानं हनुवटीनं दोराकडे खूण केली. मंगलनं पोर माझ्या हातात दिलं आणि दोर धरला.